पद्मिनीचं माप

व्हीलबेस २,३४० मिलिमीटर, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. इटलीत १९५३ साली फियाट ११०० नव्या रूपात आली तेव्हा ते एवढं होतं आणि शेवटची प्रीमियर पद्मिनी कारखान्याबाहेर पडली तेव्हाही एवढंच होतं. १:१८ या प्रमाणात ते १३० मिलिमीटर भरतं, १:२४ मध्ये साडेसत्त्याण्णव, १:४३ मध्ये चोपन्नाहून किंचित जास्त. गाडीची मापबरहुकूम प्रतिकृती करणारा माणूस सगळ्यात आधी हा आकडा कागदावर लिहितो. तो चुकला तर पुढे रंगकाम कितीही सुबक होवो, गाडी ओळखीची वाटत नाही. ज्यांनी पद्मिनीच्या टॅक्सीतून आयुष्यभर प्रवास केला त्यांना नेमकं काय बिघडलंय हे सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं.

मोठ्या पद्मिनीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तिच्या आणि तिच्या काळातल्या गाड्यांच्या छोट्या रूपांचा इतिहास मात्र विखुरलेला आहे: काही कोलकात्यात, काही मुंबईत, थोडासा आमच्या कोपर-डोंबिवलीच्या वेशीवर. हे दोन इतिहास एकमेकांत असे अडकले आहेत की एक सोडून दुसरा सांगता येत नाही.

सुरुवात वालचंद हिराचंद यांच्यापासून करावी लागते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकानं जहाजं, साखर, विमानं अशा एकाहून एक अवघड धंद्यांत हात घातला होता. मोटारीचा कारखाना त्यांच्या मनात बरीच वर्षं होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात अशा कारखान्याची योजना आखली होती आणि मुंबई इलाख्यातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं तिला पाठबळ द्यायची तयारी दाखवली होती. मग युद्ध आलं, इंग्रज सरकारनं चालढकल केली, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ साल उजाडलं. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. फियाटशी करार झाला १९५१ च्या सुमारास. वालचंद १९५३ साली गेले. त्यांच्या कारखान्याची ओळख बनलेली गाडी त्यांनी रस्त्यावर पाहिलीच नाही, कारण फियाट ११०० इथे तयार होऊ लागली ती १९५४ पासून.

त्याच सुमाराला केंद्र सरकारनं एक मोठा निर्णय घेतला. परदेशातून सुटे भाग आणून इथे नुसते जोडायचे हे चालणार नाही. गाडी टप्प्याटप्प्यानं इथेच बनवायची तयारी असेल त्यानंच राहावं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. तिनं गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. उरल्या कुर्ल्याची फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं भारतातल्या रस्त्यांवर मोटारी म्हणून प्रामुख्यानं याच दिसल्या.

पहिल्या फियाट ११०० ला लोक डुक्कर फियाट म्हणत. बसकी, गोलसर, पुढे निमुळती. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. साठच्या दशकात बिजागऱ्या पुढे आल्या आणि गाडीला आपल्याला आठवतं ते रूप मिळालं. डिलाइट, मग १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं तरी आतलं १,०८९ सीसीचं इंजिन तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तोच आणि व्हीलबेसही तोच. इटलीत ही गाडी १९६० च्या दशकातच इतिहासजमा झाली होती. तिचे साचे इथे पुढची तीन दशकं पत्रा दाबत राहिले.

आता छोट्या गाडीकडे येतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे फ्रँक हॉर्नबी खेळण्यातल्या आगगाड्या बनवत. त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला माणसं, खांब, मोटारी हव्यात म्हणून १९३३ मध्ये त्यांनी ओतीव धातूच्या छोट्या वस्तू काढल्या. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं. त्या आगगाड्यांचं माप एका फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे १:४३ च्या आसपास. जगभरचे संग्राहक आजही १:४३ हे विचित्र प्रमाण वापरतात त्याचं मूळ हे. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबायचा, थंड झाल्यावर रंगवायचा, खालून पत्र्याचा तळ बसवून रिव्हेट मारायचं. या कृतीत महाग असतो तो साचा. एकदा तो झाला की त्यातून लाखो गाड्या निघतात, आणि प्रत्येक गाडीगणिक साचा कणाकणानं झिजतो.

१९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर भारतात खेळण्यांसाठी डॉलर-पौंड मिळणं अशक्यच झालं. बोटीवर नोकरीला असलेला मामा किंवा विलायतेहून परतलेला कुणी शेजारी एखादी डिंकी किंवा मॅचबॉक्स आणायचा. ज्या घरात ती असे त्या घरातल्या मुलाचा चाळीत रुबाब असे. बाकीच्यांसाठी पत्र्याच्या, लाकडाच्या, पुढे प्लास्टिकच्या गाड्या. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी गाड्या रंगानं देखण्या, पण कोणत्या कंपनीची कोणती गाडी हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नसे. ते त्यांचं काम नव्हतंच.

मग साठच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात एक वेगळीच गोष्ट घडली. एस. कुमार अँड कंपनी या व्यापाऱ्यांनी मेकॅनोकडून डिंकीचे जुने, तिकडे निवृत्त झालेले साचे विकत घेतले आणि ॲटॅम्को या नावानं इथे गाड्या ओतायला सुरुवात केली. डिंकी हे नाव वापरायची मुभा नव्हती, म्हणून साच्यातलं नाव खोडून तिथे निकी टॉइज आलं. डी-टाइप जग्वार, बेंटली कूपे, मर्सिडीज २२०: मुंबईच्या रस्त्यावर क्वचितच दिसणाऱ्या गाड्या भारतीय मुलांच्या हातात आल्या त्या अशा. रंग जाड, कडांना ओघळलेला. टायर जरा ओबडधोबड. साचा झिजल्यानं दारांच्या रेषा पुसट. युरोपातले संग्राहक निकीला बराच काळ डिंकीची गरीब बहीण समजत आले. मला ते मत साफ चुकीचं वाटतं. निकीची पुसट रेष परवाना राज्याबद्दल जेवढं सांगते तेवढं त्या काळच्या कितीतरी सरकारी अहवालांतही सापडत नाही.

ही गोष्ट एकट्या खेळण्यांची असती तर इथेच थांबता आलं असतं. पण मोठ्या मापात तेव्हा काय चाललं होतं ते पाहा. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डचे साचे. पद्मिनी म्हणजे तुरीनच्या फियाटचे. प्रीमियरनंच १९८५ मध्ये काढलेली ११८ एनई म्हणजे फियाट १२४ च्या आकृतीची, स्पेनच्या सेआट कंपनीचे साचे आणून बनवलेली गाडी. तिच्या आत निस्सानचं १,१७१ सीसीचं इंजिन. तिकडे संपलेलं रूप इकडे नव्यानं ओतायचं हीच रीत कुर्ल्याच्या प्रेसशॉपमध्ये होती आणि कोलकात्यातल्या खेळण्याच्या शेडमध्येही. माप तेवढं वेगळं. म्हणून त्या काळाचा इतिहास लिहायचा तर मला दोन्ही गाड्या एकाच टेबलावर लागतात.

अमेरिकेत याच वर्षांत गाडीच्या प्रतिकृतीचं भलतंच वेगळं जग उभं राहत होतं. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० ते १९६८ या काळात शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. आधी राजेशाही बग्गीची आणि पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची छोटी प्रतिकृती करायची. बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती. त्यातली कित्येक मुलं पुढे मोटार कंपन्यांच्या डिझाइन विभागांत गेली. १९५८ पासून एएमटी कंपनीनं प्लास्टिकची अशी किटं काढली की एकाच डब्यातून मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, जे हवं ते बांधावं. जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ हे खऱ्या गाड्या कापून-जोडून प्रदर्शनात मांडणारे कारागीर मुलांचे नायक झाले. १९६८ मध्ये मॅटेलनं हॉट व्हील्स काढली तेव्हा पहिल्या सोळा गाड्यांत रॉथची बीटनिक बँडिट होती, कुशेनबेरी या दुसऱ्या कारागिराची सिल्हूट होती, डॉज ट्रकवरून घडवलेली डिओरा होती. या तिन्ही खऱ्या प्रदर्शनी गाड्या. कारखान्यातून निघालेली गाडी हा कच्चा माल आहे, ती आपण बदलायची, ही धारणा तिथल्या छोट्या गाड्यांत मुरली ती इथून.

आपल्याकडे कच्चा मालच इतका दुर्मिळ की तो कापण्याचा विचार कुणाच्या मनात येणं कठीण. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणारा माणूस तिच्यावर करवत चालवत नाही. तरीही गाडी आपलीशी करायची हौस इथे होती आणि ती टॅक्सीत दिसली. मुंबईची टॅक्सी खाली काळी, टप पिवळा. पण आतल्या छताचं रेक्झिन, सीटची फुलाफुलांची कव्हरं, डॅशबोर्डवरचा देव, मागच्या काचेवरची अक्षरं, टपावरचा कॅरिअर, आरशाला लटकणारे गोंडे हे सगळं प्रत्येक चालकाचं स्वतःचं. २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमानं तरुण चित्रकारांना याच सीट आणि छतं रंगवायला दिली आणि त्यांची चर्चा देशाबाहेर गेली. चालकांनी ते काम त्याआधी कित्येक वर्षं, कुणी न सांगता, स्वतःच्या खिशातून चालवलं होतं. माझ्या लेखी भारतातली पहिली मोठी कस्टमायझेशनची परंपरा हीच.

ऐंशीच्या दशकात छोट्या गाड्यांचं केंद्र थोडं आपल्याकडे सरकलं. सूटकेससाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्लो प्लास्ट या मुंबईच्या कंपनीनं मॅटेलशी हातमिळवणी केली आणि लिओ मॅटेल या नावानं हॉट व्हील्स भारतात बनू लागल्या. साचे पुन्हा तिकडचेच. पण रंग? इथल्या कामगारांनी हाताशी होता तो रंग मारला, ज्या गाडीवर जी नक्षी कधीच नव्हती ती छापली. जांभळी, पोपटी, केशरी अशी रूपं निघाली जी कॅलिफोर्नियाच्या कुठल्याही यादीत नाहीत. आज परदेशातले संग्राहक त्यांच्यामागे लागलेले असतात. कोलकात्यात मॅक्सवेलही मॅचबॉक्सच्या धर्तीवर स्वस्त गाड्या काढत होती. सुट्टीत दादरहून परतताना फुटपाथवरून घेतलेली अशी एखादी गाडी डोंबिवलीतल्या अनेक घरांच्या माळ्यावर अजून पडलेली असेल.

दिवाळीच्या किल्ल्यावरही या गाड्या हमखास असत. माती, विटा, गोणपाट यांचा डोंगर, त्यावर अळीव पेरलेला, वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे, आणि पायथ्याला घाटरस्त्यावर एखादी मोटार. इतिहासाच्या दृष्टीनं ती तिथे असायला नको. पण प्रमाण, चढ, रस्त्याचं वळण, दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी या गोष्टी मराठी मुलाच्या हाताला पहिल्यांदा कळतात त्या याच किल्ल्यावर आणि गणपतीच्या देखाव्यात. पुण्यात भाऊ जोशींनी कोथरूडला १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. १:८७ मापातलं अख्खं गाव, सिग्नल, फाटे, उड्डाणपूल, सगळं चालतं. त्यामागे आयुष्यभराची वैयक्तिक हौस आहे. मुंबईत आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती आहेत. रेल्वेला आणि बसला असे आपले जतनकर्ते मिळाले. कुर्ल्याच्या फियाटला तसं घर मिळालं नाही.

आता कोपर. मुंबईकडून येताना दिवा सोडलं की डोंबिवलीच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वरून दिवा-वसईची. पूर्वेला उतरून कल्याण-शीळ रस्त्याकडे रिक्षानं निघालं की प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. कागदोपत्री त्याला कल्याणचा प्लँट म्हणत, पण जागा डोंबिवलीची. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाल्यावर प्रीमियरनं फ्रान्सच्या पेजोशी भागीदारी केली आणि १९९४ च्या अखेरीस इथून पेजो ३०९ बाहेर पडू लागली. पद्मिनीच्या शहराला ती परग्रहावरची वाटली असणार: मोठ्या काचा, सरळ रेषा, पाचवा गिअर, आणि डिझेलचा पर्यायही. डोंबिवलीच्या नावावर एक फ्रेंच गाडी लागली हे आजच्या तरुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

ते फार टिकलं नाही. कामगारांचा संप, भागीदारांमधले मतभेद, गाड्या वेळेवर न मिळाल्यानं वैतागलेले ग्राहक. १९९७ मध्ये पेजोनं अंग काढून घेतलं. कारखाना थंडावला. पुढे लोकांना ही जागा प्रीमियरचं मैदान म्हणून, राजकीय सभांच्या बातम्यांतून माहीत झाली आणि आता तिथे उंच इमारती उभ्या आहेत. कुर्ल्याच्या आवारात कोहिनूर सिटी आली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. कारखाने गेले, प्रेस गेले, आणि ज्या साच्यांनी अर्धं शतक पत्र्याला आकार दिला त्यांचं मोल भंगारापुरतं उरलं.

योगायोग असा की मोठी गाडी थांबली त्याच सुमाराला छोटी गाडी बांधायची सोय झाली. १ एप्रिल २००१ पासून ग्राहकवस्तूंच्या आयातीवरची परिमाणात्मक बंधनं उठली. जपानच्या तामियाची १:२४ किटं, रेव्हेल, एअरफिक्स, बुरागो, माइस्तो, सगळं मुंबईच्या दुकानांत दिसू लागलं. दिल्लीच्या सेंटी कंपनीनं मागे ओढून सोडायची प्लास्टिकची काळी-पिवळी काढली आणि ती पर्यटकांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांनी घेतली. तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण ती खेळण्याच्या हिशोबानं आखूड केलेली आहे, मापाची नाही. युरोपात दर पंधरवड्याला एक गाडी अशा मालिकांत जगभरच्या टॅक्सी १:४३ मध्ये निघाल्या, त्यात मुंबईची पद्मिनीही आली. म्हणजे संग्राहकाच्या कपाटात शोभेल अशी, प्रमाणात बसणारी काळी-पिवळी बाहेरून आली. अलीकडे खेळण्यांवरची आयातजकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली; २०२१ पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. परदेशी गाडी पुन्हा महाग झाली आहे आणि हौशी माणूस पुन्हा स्वतःच्या हातांकडे वळला आहे.

हे हातांचं काम कसं चालतं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण इतिहास इथेच खरा तपासला जातो. सोपा मार्ग म्हणजे तयार गाडी बदलणं. इटलीची फियाट ११०० किंवा फ्रान्सची ३०९ घ्यायची. खालच्या तळाची रिव्हेटं ड्रिलनं काढायची, जुना रंग रिमूव्हरनं उतरवायचा, धातू उघडा करून धुवायचा, करडा प्रायमर मारायचा. मग पहिला प्रश्न येतो तो स्टिअरिंगचा. तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याला उजवीकडे हवं. डॅशबोर्ड कापून उलटा बसवता येत नाही, कारण मीटरचं घर आणि ग्लोव्ह बॉक्स यांच्या जागा बदलतात. तो प्लास्टिक शीटमधून नव्यानं कोरावा लागतो. वायपरच्या दिशाही बदलाव्या लागतात. ३०९ ला आपली करायची तर पुढे एमएच ०४ किंवा ०५ ची नंबरप्लेट, आणि तीही त्या काळच्या रीतीनं: खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं लावली तर गाडी एका फटक्यात काही वर्षं पुढे जाते.

पद्मिनीचं काम आणखी कठीण. इटालियन ११०० चं धड जवळजवळ तेच, पण जाळी वेगळी, बंपर वेगळा, दिव्यांची घरं वेगळी, आणि ती वर्षागणिक बदलत गेलेली. एम-सीलचा पातळ थर देऊन, सुकल्यावर पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासत ओळ आणायची. क्रोमसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल डोळ्यांनीच मोजावी इतक्या बारीक पट्ट्यांत कापायची. चाकं बहुधा फसवतात. पद्मिनीचा टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी १३२ मिलिमीटर. १:२४ मध्ये जेमतेम साडेपाच. तयार किटांतली चाकं स्पोर्ट्स गाड्यांची, रुंद. ती लावली की टॅक्सी लगेच पैलवान दिसू लागते. बारीक टायर हवा, आणि थोडा दबलेला हवा, कारण टॅक्सी मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन जगली.

काळा रंग डबीतून सरळ मारायचा नाही. लहान वस्तूवर गडद काळा जड दिसतो, सगळी वळणं गिळून टाकतो. त्यात करड्याचे थेंब टाकावे लागतात. पिवळ्याखाली पांढरा थर हवा, नाहीतर तो हिरवट पडतो. डाव्या बाजूला बाहेर यांत्रिक मीटर, त्याची पाडायची पट्टी. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर ते यंत्र आत गेलं, म्हणून मीटर कुठे आहे यावरून गाडीचं साल ठरतं. २००१ नंतरची टॅक्सी दाखवायची तर डिकीत सीएनजीची टाकी हवी. पुढची सीट सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डावीकडे. यातली एकेक गोष्ट तपासायला जुने फोटो लागतात, आणि फोटोत टॅक्सी सहसा पार्श्वभूमीला असते: पुढे नट, मागे व्हीटी, मधे कापलेली अर्धी पद्मिनी.

अलीकडे आणखी एक दार उघडलंय. त्रिमित छपाईच्या यंत्रात रेझिनचा एकेक थर ०.०५ मिलिमीटरचा बसतो. गाडीचं रूप संगणकावर बांधता आलं तर पोलादी साचा लागत नाही, परवाना लागत नाही, लिव्हरपूल किंवा तुरीन लागत नाही. निकीच्या आणि पद्मिनीच्या काळाला जी गोष्ट कधीच परवडली नाही, स्वतःच्या मापानं स्वतःचं रूप ओतणं, ती आता दोन खोल्यांच्या घरातही करता येते. मला या सगळ्या कहाणीतला हा सर्वात मोठा पालट वाटतो. अडचण एकच उरते, आणि ती जुनीच आहे: माप आणायचं कुठून?

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, क्रमांक एमएच-०१-जेए-२५५६. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ती संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्याआधी सहाच आठवडे, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेलवर चालणारी दुमजली बस निघून गेली होती. टॅक्सी संघटनेनं एक तरी काळी-पिवळी जतन करा अशी मागणी केली. ती मागणी रास्त होती आणि आजही आहे. पण एक गाडी जतन केल्यानं डुक्कर फियाट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, ११८ एनई आणि डोंबिवलीची ३०९ अशी सगळी वंशावळ जतन होत नाही. खासगी मालकीच्या काही गाड्या शेडमध्ये, गावच्या वाड्यात, गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली अजून आहेत. कुर्ल्यात आणि डोंबिवलीच्या कारखान्यात काम केलेली माणसं कल्याण, डोंबिवली, दिवा, कोपर परिसरात अजून भेटतात; त्यांच्याकडे ओळखपत्रं, कारखान्यातले फोटो, सुट्या भागांची पुस्तकं आहेत. वारसांना त्यांचं काय करावं कळत नाही आणि ती रद्दीत जातात.

तेव्हा तुमच्या घरी, सोसायटीत किंवा गावी अशी गाडी असेल तर विकण्याआधी, मोडीत काढण्याआधी एक दुपार तिला द्या. मोजपट्टी घ्या. चाकाची रुंदी, दाराच्या फटी, जाळीतल्या पट्ट्यांची संख्या आणि अंतर, दिव्यांचा व्यास, बंपरची जमिनीपासूनची उंची लिहून काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, कमरेच्या उंचीवरून सरळ फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत फूटपट्टी दिसेल असं पाहा. गाडीचं साल आणि मॉडेल शेजारी लिहा. सुट्या भागांचं पुस्तक सापडलं तर रद्दीत घालू नका. गाड्या बांधणाऱ्या एखाद्या मुलाला द्या. व्हीलबेस मोजला नाही तरी चालेल. तो २,३४० मिलिमीटर आहे.